आकड्यांच्या गावाला जाणाऱ्या सुमनताई

सुमनताई गायकवाड आमच्या हॉस्पिटलातल्या चौदा नंबरच्या खाटेवर जाऊन झोपल्या, तेव्हा त्यांना काहीही झालेलं नव्हतं. ताप नाही, पोटदुखी नाही. दुपारचं जेवण झालं, डबा धुतला, पर्स उशाशी घेतली आणि जनरल वॉर्डात जाऊन चादर अंगावर ओढून त्या आडव्या झाल्या. सिस्टर घाबरून माझ्याकडं आली. मी बिलिंगच्या काउंटरवर बसायचो आणि ताईंचं हिशेबाचं टेबल माझ्या शेजारी, त्यामुळं त्यांच्याबाबत काहीही झालं की लोक मलाच धरायचे. मी वॉर्डात गेलो. ताई छताकडं बघत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी जावा. मी कामावर हाय."

आणि खरंच त्या कामावर होत्या.

बारामतीतलं आमचं हॉस्पिटल फार मोठं नव्हतं. खाली ओपीडी, वर दोन मजले, आणि तिकडं इंदापुरात एक छोटी शाखा. तिथं मुख्यतः बाळंतपणं व्हायची. मालकांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणायचो. त्यांचे जावई प्रसादराव पुण्यात राहून कंपन्यांना आकड्यांचे सल्ले द्यायचे. त्यांनी सासऱ्यांच्या हॉस्पिटलात नवं सॉफ्टवेअर बसवलं. कुठल्या ऑपरेशनला किती खर्च येतो, विम्याचे कोणते क्लेम परत येतात, पैसा कुठं अडकतो, हे सगळं ते रंगीत चित्रं काढून दाखवणार होतं. जिथं काही बिघडलंय ती जागा लाल व्हायची. त्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पहिल्या दिवशी जेवणानंतर आम्ही सगळे डोळे उघडे ठेवून झोपलो. एकट्या सुमनताई पुढच्या खुर्चीवर बसून वहीत लिहीत होत्या. शेवटी त्यांनी हात वर केला आणि विचारलं, की यात कुणी भलतंच काही भरलं तर ते याला कळतं का. प्रसादरावांनी त्यावर दहा मिनिटं इंग्रजीत उत्तर दिलं. ताईंनी वहीत लिहिलं, "कळत नाही."

हॉस्पिटलात येण्याआधी ताई अठरा वर्षं इंदापूरजवळच्या एका दूध संकलन केंद्रावर होत्या. सकाळ-संध्याकाळ यंत्रावर दुधाचं फॅट मोजायचं, हेच काम. त्यामुळं माणसावर त्यांचा पूर्ण विश्वास होता आणि मापावर अजिबात नव्हता. "यंत्र काय खोटं बोलत न्हाय," त्या म्हणायच्या, "पण त्यात कुणी काय वतलं, ते बघाय जावं लागतं." आणि त्या जायच्या. हीच त्यांची सवय, हीच खोड. पडद्यावर एखादा आकडा वेडावाकडा दिसला, की बाकीचे लोक आणखी चार आकडे काढून बघतात. ताई चपला घालायच्या.

सॉफ्टवेअरला त्यांनी पहिल्याच आठवड्यात घरचं करून टाकलं. डॅशबोर्डला त्या फळा म्हणायच्या. फळ्यावर काही लाल झालं की म्हणायच्या, ताप आलाय. नवा माणूस काउंटरवर उभा असताना त्या मला सहज सांगायच्या, "भाऊ, हाडाच्या विभागाला ताप आलाय," आणि तो माणूस आपला पाय धरून दोन पावलं मागं सरकायचा. त्यांच्याकडं दोन चष्मे होते, एक फळ्यासाठी आणि एक माणसांसाठी. घाईत अदलाबदल झाली की त्या पेशंटला डोळे बारीक करून बघायच्या, आणि पेशंटला वाटायचं आपलं काही खरं नाही. निघालेले आलेख त्या टेबलामागं दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी टांगायच्या. मोठ्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, की हे काय वाळत घातलंय. ताई म्हणाल्या, मार्च महिना.

तर चौदा नंबरची खाट. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला विम्याकडून ठरलेली रक्कम मिळते. पेशंट दोन-तीन दिवसांत घरी गेला तर हॉस्पिटलला परवडतं, पाच दिवस राहिला तर पदरचं जातं. सगळ्या खाटांवरचे पेशंट वेळेत घरी जात होते. चौदा नंबरवरचे जात नव्हते. डॉक्टर टाके बघायचे, सगळं ठीक असायचं, पण पेशंट म्हणायचा, अजून दुखतंय. मोठ्या डॉक्टरांना जंतुसंसर्गाची शंका आली. गादी बदलली, भिंत धुतली, नमुने तपासायला पाठवले. काही निघालं नाही. म्हणून ताई स्वतः झोपायला गेल्या.

पाच वाजले तरी त्या खाली आल्या नाहीत. सहाला मी परत वर गेलो, तर ताई कुशीवर वळून मोबाइलवर मालिका बघत होत्या. मला बघून त्यांनी हातानं थांबायची खूण केली, कारण सुनेला कारस्थान कळायची वेळ आली होती. भाग संपल्यावर त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, निदान झालं. शेजारच्या लॉजचं वाय-फाय खिडकीतून फक्त त्या एका खाटेपर्यंत पोचत होतं, आणि त्याला पासवर्ड नव्हता. "मलाच उठू वाटंना," त्या म्हणाल्या, "मी तर धडधाकट हाय. ज्याला टाके घातल्यात त्यानं का उठावं?"

त्याच संध्याकाळी त्या लॉजच्या मालकाकडं गेल्या आणि वाय-फायला पासवर्ड घालून घेतला. पुढच्या महिन्यात चौदा नंबरचे पेशंट वेळेत बरे व्हायला लागले. चौदा नंबर मिळावा म्हणून वॉर्डात वशिले चालायचे, तेही थांबले. फक्त त्या मजल्यावरच्या सिस्टर ताईंशी आठवडाभर बोलत नव्हत्या. त्याचं कारण ताईंनी आकडे न काढताच ओळखलं.

बावडा गावाला ताप आला, तेव्हा त्यांनी मलाही सोबत घेतलं. इंदापूर तालुक्यातल्या बऱ्याच घरांचा दुधाच्या संस्थेमार्फत गट विमा होता. बाकी गावांचे क्लेम मंजूर व्हायचे आणि बावड्याचे मात्र "नंबर जुळत नाही" असा शेरा मारून परत यायचे. फळ्यावर बावडा नुसता लालभडक. प्रसादरावांनी पुण्याहून कळवलं, की हा संघटित बनावटगिरीचा नमुना दिसतो, पोलिसांशी बोलावं लागेल. ताईंनी परत आलेले सगळे क्लेम एकाखाली एक मांडले आणि बराच वेळ चष्मा बदलून बदलून बघितले. मग माझं लक्ष वेधून बोट ठेवलं. परत आलेल्या प्रत्येक कार्डाच्या नंबरात पाचव्या जागी आठ होता. एकूणएक. "बनावट करणारा माणूस दर खेपंला आठच कशाला घालंल?" त्या म्हणाल्या. "एखादा सात घालंल, नव घालंल. जीव रमवाय काय तरी बदल पायजे का न्हाय?"

इंदापूरहून माझ्या मोटरसायकलवर आम्ही बावड्याला गेलो. ताई मागं एकांगी बसल्या होत्या, मांडीवर फाइल, तोंडाला स्कार्फ. पहिल्या घरी आम्ही मूळ कार्ड मागितलं. पाचव्या जागी शून्य होतं. दुसऱ्या घरीही शून्य. तिसऱ्या घरापर्यंत आमचा तीन वेळा चहा झाला होता आणि मला घाम फुटला होता, कारण नंबर संगणकात भरणारा माणूस मीच. मी भरताना कार्ड कधी बघत नव्हतो, सोबतची झेरॉक्स बघत होतो. ताईंनी फक्त माझ्यासमोर घरमालकाला विचारलं, की झेरॉक्स कुठं काढता.

गावात झेरॉक्सचं एकच दुकान होतं, ग्रामपंचायतीच्या शेजारी. मालक नाना, भरघोस मिशांचा गृहस्थ. कार्ड नेमकं कुठं ठेवायचं हे कळावं म्हणून त्यानं मशीनच्या काचेवर एका कोपऱ्यात चिकटपट्टी लावली होती. ताईंनी काचेवर वाकून बघितलं, चष्मा बदलला, परत बघितलं. पट्टीच्या खाली एक केस अडकला होता. कार्ड त्या जागी ठेवलं की केस बरोबर पाचव्या आकड्यावर आडवा यायचा. तिथं शून्य असेल तर झेरॉक्समध्ये त्याचा आठ व्हायचा. दुसरा आकडा असेल तर तो जरा मळका दिसायचा, एवढंच. केस कुणाचा हे विचारायची गरज नव्हती.

नानाला आम्ही किती दिवसांपासून असं आहे ते विचारलं. तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "झाली की दोन वर्सं. मला वाटलं, कार्डंच तशी येत्यात."

ताईंनी नखानं पट्टी काढली, केस कागदावर चिकटवला आणि तो कागद बावड्याच्या फाइलमध्ये लावला. पुढं "क्लेम नामंजूर होण्याचे कारण" असं लिहून सही केली. बरोबर नंबर घालून आम्ही सगळे क्लेम परत पाठवले आणि अडकलेला पैसा हळूहळू सुटला. मोठे डॉक्टर इतके खूश झाले, की त्यांचा आकड्यांवर नको इतका विश्वास बसला. ताईंच्या दोरीवरच्या एका आलेखावरून त्यांनी स्वतःच शोध लावला, की ज्या दिवशी ते निळा शर्ट घालतात त्या दिवशी हॉस्पिटलचं उत्पन्न वाढतं. ताईंनी त्यांना सांगून बघितलं, की पुण्याचे सर्जन मंगळवारी येतात, मंगळवारी ऑपरेशनं होतात, आणि त्यांच्या घरच्या इस्त्रीवाल्याच्या हिशेबानं मंगळवारीच निळा शर्ट येतो. डॉक्टरांना ते पटलं नाही. ते सलग आठ दिवस निळ्या शर्टात आले. उत्पन्न मंगळवारीच वाढलं. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही, पण इस्त्रीवाला अजून हसतो.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग इंदापूरची शाखा लाल झाली.

एका सोमवारी प्रसादराव स्वतः आले आणि त्यांनी भिंतीवर चित्र दाखवलं. नवं सॉफ्टवेअर आल्यापासून बारामती फायद्यात आणि इंदापूर दर महिन्याला खोल तोट्यात. पगार, वीज, भाडं सगळं पूर्ण, आणि उत्पन्न नावाला. ते शांतपणे म्हणाले, की आकडे स्पष्ट आहेत, पुढच्या महिन्यात शाखा बंद करावी. मोठे डॉक्टर खाली बघत होते. ती शाखा त्यांनी उमेदीत काढलेली होती. तिथं अकरा बायका कामाला होत्या. अनुसया सिस्टरांच्या हातावर अर्धा तालुका जन्माला आला होता, त्यात ताईंच्या दोन्ही नाती. तिथून बारामतीला यायचं म्हणजे एसटीनं दीड तास, आणि बाळंतपणाच्या कळा काही एसटीच्या वेळापत्रकानं येत नाहीत. ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा फळ्याकडं न बघता प्रसादरावांकडं बघितलं आणि आठ दिवस मागितले. प्रसादरावांनी दिले. त्यांचा आपल्या आकड्यांवर विश्वास होता.

ताई तीन दिवस नीट जेवल्या नाहीत. भाकरीचा तुकडा हातात धरून पडद्याकडं बघत बसायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला एकदम विचारलं, "भाऊ, गेल्या महिन्यात आपल्या हितं पेढं किती बारी आलं?"

मी आठवून सांगितलं, की एकदा पेढे आले आणि एकदा बर्फी.

"मंग ही एवढी बाळं कुठून आली?"

बारामतीत आमच्याकडं बाळंतपणाच्या खाटा दोन. सॉफ्टवेअर म्हणत होतं, की त्या दोन खाटांवर महिन्यात चोपन्न बाळंतपणं झाली. हे इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण सगळे फक्त रुपयांचा रकाना बघत होते. ताईंनी लगेच इंदापूरला फोन लावला आणि अनुसया सिस्टरांना पेढ्यांचं विचारलं. सिस्टर वैतागून म्हणाल्या, की पेढे रोजच येतात, नको म्हणता येत नाही, आता शुगर निघाली आणि डॉक्टरांनी गोड सगळं बंद केलंय.

ताईंनी चपला घातल्या.

इंदापूरच्या काउंटरवर रेश्मा नावाची मुलगी बसायची, हुशार आणि अतिशय शिस्तीची. ताई तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि तिला एक बिल करून दाखवायला सांगितलं. बिलात शाखा निवडायची जागा होती. तिथं टिचकी मारली की यादी उघडायची. सगळ्यात वर बारामती. त्याखाली भिगवण, दौंड, फलटण, माळशिरस अशी दहा-बारा नावं. या शाखा अस्तित्वात नव्हत्या. प्रसादरावांनी पुढच्या काही वर्षांत काढायच्या म्हणून आधीच घालून ठेवल्या होत्या. इंदापूर अगदी तळाला. तिथं पोचायचं तर माऊसचं चाक फिरवायला लागायचं, आणि रेश्माच्या माऊसचं चाक फिरत नव्हतं. म्हणजे फिरत होतं, पण नुसतंच. कीबोर्डवरचं खाली जायचं बटण दिवाळीच्या साफसफाईत पडलं होतं. मग बिल अडू नये म्हणून रेश्मा वरचं बारामती निवडून पुढं जायची. ओपीडी आणि औषधांचं मशीन वेगळं होतं, तेवढं उत्पन्न इंदापूरच्या नावावर पडायचं. बाळंतपणांचं सगळं बारामतीला.

ताईंनी विचारलं, "अगं, मग नवा माऊस का न्हाय मागितला?"

रेश्मानं फाइल काढली. तिनं सॉफ्टवेअरमधूनच तीन वेळा मागणी केली होती. तिन्ही वेळा सॉफ्टवेअरनं आपोआप उत्तर दिलं होतं. तिनं ती उत्तरं छापून तारखेवार लावून ठेवली होती. "शाखा तोट्यात असल्यामुळे खरेदी नामंजूर."

पुढच्या सोमवारच्या बैठकीत ताईंनी भिंतीवर काही दाखवलं नाही. त्यांनी पिशवीतून तो माऊस काढला, शेपटीची गुंडाळी सोडली आणि टेबलावर मोठ्या डॉक्टरांसमोर ठेवला.

"साहेब, हा इंदापूरचा तोटा," त्या म्हणाल्या. "दोनशे ऐंशी रुपयं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, पेढ्यांपासून. रेश्माची तिन्ही पत्रं मोठ्यानं वाचली. तिसरं त्यांनी दोनदा वाचलं. प्रसादरावांनी माऊस उचलला आणि बोटानं त्याचं चाक फिरवून बघितलं. ते नुसतंच गरगरत राहिलं. माणूस प्रामाणिक होता. तो हळू म्हणाला, की पण सिस्टिम तर बरोबर होती.

"व्हय की," ताई म्हणाल्या, "सिस्टिम बरोबरच हाय. चाक फिरत न्हाय."

आठ महिन्यांची बिलं आम्ही बसून दुरुस्त केली. इंदापूर फायद्यात निघालं. बारामती जराशी तोट्यात निघाली, आणि मोठे डॉक्टर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. शाखा बंद व्हायचं राहिलं. रेश्माला माऊस मिळाला, आणि यादीतल्या न काढलेल्या शाखा प्रसादरावांनी स्वतःच्या हातानं एक-एक करून पुसल्या. फलटण पुसताना त्यांना वाईट वाटलेलं मी बघितलं. पुढं ते बारामतीला आले की ताईंसोबत आकड्यांच्या गावाला जायला लागले. एकदा सुप्याला गेले आणि नवे बूट चिखलात घालवून परत आले, पण त्या दिवशी जेवताना त्यांच्याइतकं कुणी बोलत नव्हतं.

ताई निवृत्त व्हायच्या आधी दोन महिने त्यांना पित्ताशयाचे खडे निघाले. ऑपरेशन आमच्याकडंच झालं. घरी जायच्या दिवशी त्यांचे यजमान बाबूराव रिक्षा घेऊन दारात थांबले होते आणि ताई व्हीलचेअरवर बसून माझ्या काउंटरसमोर बिल वाचत होत्या. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की ताईंकडून काही घ्यायचं नाही. ताई म्हणाल्या, डॉक्टरांची इच्छा, ती सवलतीच्या रकान्यात लिहा, पण बिल आधी पूर्ण झालं पाहिजे. मग त्यांनी बाही वर करून हातावरच्या सुयांच्या खुणा मोजल्या. सहा. बिलात पाच इंजेक्शनं.

मी म्हणालो, जाऊ द्या. त्या म्हणाल्या, तसं करून चालणार नाही, या महिन्यात पित्ताशयाचा सरासरी खर्च कमी दिसेल. वॉर्डातून सिस्टरला बोलावलं. ती नवीन होती, महिनाभरापूर्वी लागलेली. रजिस्टर घेऊन आली, आणि रजिस्टरमध्येही पाचच होती. ताईंनी तिच्यासमोर हात धरला. तिनं एकदा हाताकडं बघितलं, एकदा ताईंकडं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एक सुई वाया गेली होती. शीर सापडली नव्हती. ताई तेव्हा गुंगीत होत्या, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

ताईंनी बिलावर सही केली. बिल बरोबर आहे, एवढंच मला म्हणाल्या.

त्यानंतर ताई कामावर आल्या नाहीत, उरलेली रजा काढून महिन्याभरातच आपल्या लेकीकडं नाशिकला राहायला गेल्या. निरोपाच्या समारंभाला मी रजेवर होतो, त्यामुळं बिलाच्या त्या दिवसाचीच आठवण माझ्याकडं शेवटची आहे. बाबूरावांनी त्यांना रिक्षात बसवलं. रिक्षा सुरू झाली, आणि ताईंनी ती थांबवली. दारात उभ्या असलेल्या त्या नव्या सिस्टरला त्यांनी हाक मारून जवळ बोलावलं, दुसऱ्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात रिक्षाबाहेर काढला.

"हितं बघ," त्या तिला म्हणाल्या, "हितली शीर चांगली हाय. दाबून बघ की."

ती पोरगी रस्त्यात उभी राहून दोन बोटांनी शीर चाचपत होती, रिक्षावाला आरशात बघत होता, मागं दोन मोटरसायकली हॉर्न देत होत्या, आणि सुमनताई हात बाहेर काढून निवांत बसल्या होत्या.